पाचवा प्रश्न निवडणाऱ्यांचा गुन्हा काय?

“जबरदस्ती कोणी केली होती का? प्रश्न त्यांनीच निवडला ना? मग झालं, ला,” असे सिंगापुरी ढंगात म्हणत मिसेस चुआंनी निकालपत्रक माझ्याकडे सरकवले. “सही कर.”

मी पेन उचलले नाही.

ही गोष्ट २०१४ सालची. सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागातल्या एका खाजगी शिक्षणसंस्थेत मी असेसमेंट ॲनालिस्ट होते. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी संख्याशास्त्राकडे वळले आणि त्या जोरावर ही नोकरी मिळवली. मिसेस चुआ आमच्या परीक्षा विभागाच्या प्रमुख. वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी आम्ही एक डिप्लोमा चालवत होतो. आमचे बरेचसे विद्यार्थी नोव्हेनाच्या रुग्णालयांमध्ये शिकाऊ तंत्रज्ञ होते. पास झाले की नोकरी कायम. नापास झाले की पुढच्या सत्राची वाट पाहायची, आणि तोपर्यंत रुग्णालय आपल्याला ठेवेल अशी आशा करायची.

पेपरचे दोन भाग होते. ‘अ’ भाग सर्वांना सक्तीचा. ‘ब’ भागात सहा प्रश्न, त्यांपैकी कोणतेही तीन सोडवायचे. निकालावर तीन सह्या लागत: प्रश्नकर्त्यांच्या प्रमुखाची, मिसेस चुआंची आणि माझी. माझ्या सहीचा अर्थ एवढाच होता की कोणी कोणतेही तीन प्रश्न निवडले तरी त्याचे गुण दुसऱ्याच्या गुणांशी तोलता येतात.

ते तोलता येत नव्हते. पाचवा प्रश्न निवडलेल्यांपैकी बरेच जण नापास होत होते.

मी दुसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाची रुब्रिक्स मागवली. रुब्रिक म्हणजे गुण कशाला द्यायचे आणि किती द्यायचे, याचा आधी ठरवलेला तक्ता. दुसऱ्या प्रश्नात रक्ताच्या नमुन्यातील पेशी फुटण्याची कारणे विचारली होती. प्रत्येक कारणाला स्वतंत्र गुण. एक विसरलात तर एकच गेला.

पाचवा प्रश्न असा: साखर मोजणाऱ्या यंत्रात कंट्रोलचा आकडा सतत जास्त येतो आहे, तुम्ही काय कराल, ते क्रमाने आणि कारणांसह लिहा. कंट्रोल म्हणजे ज्यातली साखर आधीच माहीत आहे असा नमुना. त्याचा आकडा चुकला तर काहीतरी बिघडलेले असते. ते यंत्र असेल, रसायन असेल किंवा खुद्द तो नमुना असेल. या प्रश्नाचे रुब्रिक साखळीसारखे होते. पहिली पायरी ‘यंत्राचे कॅलिब्रेशन करणे’, म्हणजे प्रमाणित द्रावणाने त्याचे माप पुन्हा जुळवणे, हीच हवी. ती नसेल तर पुढच्या कोणत्याही पायरीला गुण नाहीत.

म्हणजे एका प्रश्नात एका चुकीला एक गुण जात होता आणि दुसऱ्यात सगळेच जात होते. विद्यार्थ्यांना हे कळण्याचा मार्ग नव्हता. कागदावर दोन्ही प्रश्नांपुढे सारखेच गुण छापलेले होते.

हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? कारण आमची पद्धत. पेपर फुटू नये म्हणून प्रत्येक प्रश्न वेगळ्या प्राध्यापकाकडे जाई. तोच त्याचे रुब्रिक लिही, तोच आपल्या परीक्षकांना दार बंद करून समजावी. सहा रुब्रिक्स परीक्षेपूर्वी एका टेबलावर कधीच येत नसत. गोपनीयता इतकी चोख होती की दोष आम्हालाही दिसला नाही.

मिसेस चुआंकडे तोडगा तयार होता. “पाचव्याची सरासरी कमी आहे ना? सगळ्यांना दोन गुण वाढवून दे. फिनिश.”

“नाही चालणार, मॅडम. ‘अ’ भाग सगळ्यांना सारखाच होता. त्यात पाचवा निवडलेले इतरांच्या पुढे आहेत. हुशार मुलांची सरासरी खाली आली आहे, म्हणजे खरी तूट दिसते त्याहून मोठी आहे. शिवाय दोन गुण वाढवले तर काहीही खरडलेल्यालाही ते मिळतील, आणि पहिल्या पायरीवर सगळे गमावलेल्याला ते पुरणार नाहीत.”

“मग काय करायचं?”

“नवं रुब्रिक करायचं. पाचवा पुन्हा तपासायचा.”

“सोमवारी रिझल्ट आहे! कॅनॉट, ला.”

दुपारी पॅन्ट्रीत सावंतसर भेटले. ते आमच्या फायनान्सचे मॅनेजर, मूळचे दादरचे, आता इथले पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

“अगं मृणाल, तुझा ईपी रिन्यूअलला गेलाय ना? हल्ली किती कडक झालेत माहितेय? सही कर आणि मोकळी हो. पुढच्या वर्षी काय ती क्रांती कर.”

“पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी यंदाची नापास करू?”

“तुझ्या आईला फोन करून सांगू का, मुलगी परत येतेय म्हणून?”

“सांगा. सही न करता येतेय, हेही सांगा.”

त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांची काळजी खोटी नव्हती. माझा ईपी, म्हणजे इथे नोकरी करण्याचा एम्प्लॉयमेंट पास, संस्थेच्या अर्जावरच वाढणार होता. सीनिअर ॲनालिस्टची जागाही रिकामी होती. ती मला हवी होती आणि हे मी कोणापासून लपवले नव्हते. पण ज्या सहीचा अर्थ मला ठाऊक आहे, ती अर्थ काढून टाकून करणे मला मान्य नव्हते.

पाचवा प्रश्न मिस्टर लिम यांचा होता. प्रश्नकर्त्यांचे प्रमुखही तेच. मी एक उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले.

“प्रयोगशाळेत क्रमाला महत्त्व असतं,” मी बसण्याआधीच ते म्हणाले. “पहिली पायरी चुकली की पेशंटचा रिपोर्ट चुकतो. मी ढिलाई करणार नाही.”

“मान्य. चुकीचा नमुना घेतला तरी रिपोर्ट चुकतोच, पण दुसऱ्या प्रश्नात त्याची शिक्षा एका गुणाची आहे. ते राहू द्या. हे उत्तर ऐका.”

मी वाचले. विद्यार्थिनीने लिहिले होते: आधी पेशंटचे रिपोर्ट थांबवीन. मग कंट्रोलची नवी बाटली उघडून पुन्हा तपासीन, कारण जुन्या बाटलीतले पाणी उडून साखर दाट झालेली असू शकते. तरीही आकडा जास्त आला, तर कॅलिब्रेशन करीन.

लिम ऐकत राहिले. मग म्हणाले, “बरोबर आहे हे. किती दिले?”

“शून्य.”

“कोणी तपासलं?”

“तुमच्या परीक्षकाने. तुमच्या रुब्रिकप्रमाणे. त्याने काहीही चूक केलेली नाही.”

त्यांनी उत्तरपत्रिका माझ्या हातातून घेतली आणि स्वतः वाचली. मी परत आले.

संध्याकाळी मिसेस चुआंनी पुन्हा बोलावले. “तू सही करणार नसशील, तर ‘ॲनालिस्ट रजेवर’ असं लिहून मी पाठवीन.”

“मी रजेवर नाही, मॅडम. तुमच्यासमोर बसले आहे. पाठवायचंच असेल तर माझा लेखी आक्षेपही सोबत जोडा.”

“अप्रेझलमध्ये हे कसं दिसेल, कळतंय तुला?”

“कळतंय.”

दारावर टकटक झाली. मिस्टर लिम होते. “पाचव्याचे पेपर परत द्या,” ते म्हणाले. “माझं रुब्रिक आहे. मीच बदलतो.”

मिसेस चुआंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मीच त्यांना फितवले आहे. तसे पाहिले तर ते खरेच होते.

त्या शनिवारी-रविवारी विभागाची पुलाउ उबीन बेटावर सायकलची सहल ठरली होती. ती रद्द झाली आणि सगळ्यांनी मला मनापासून शिव्या दिल्या. नव्या रुब्रिकचा नियम साधा होता. पहिल्या चुकीचे गुण एकदाच कापायचे. पुढच्या पायऱ्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या पहिल्या पायरीशी सुसंगत आहेत का, ते पाहायचे. कारणांना वेगळे गुण द्यायचे. प्रत्येक उत्तर दोघांनी तपासले, आणि जुने गुण दोघांनाही दाखवले नाहीत.

निकाल उशिरा लागला. नापास ठरत असलेल्यांपैकी बहुतेक जण पास झाले, ती विद्यार्थिनीही. काहींचे गुण मात्र उतरले: त्यांनी क्रम अचूक पाठ केला होता, पण एकाही पायरीचे कारण दिले नव्हते.

“आता हे अपील करतील,” मिसेस चुआ म्हणाल्या. “हॅपी?”

“करू देत. आता उत्तर देता येईल.”

माझा ईपी वाढला. सीनिअरची जागा दुसऱ्याला मिळाली. पुढच्या सत्रापासून सहाही प्रश्नकर्ते, फोन बाहेर ठेवून, एकाच खोलीत बसू लागले. तिथे प्रत्येकाचे एकच काम असते: दुसऱ्याच्या रुब्रिकने एखादे बरोबर उत्तर नापास करून दाखवायचे. दाखवता आले, तर रुब्रिक परत जाते. एवढे कष्ट घ्यायचे नसतील, तर पर्याय देऊ नयेत. सर्वांना एकच पेपर द्यावा. त्यात निदान अन्याय तरी समान होतो.

माझ्या अप्रेझलमध्ये शेरा आला: ‘टीम प्लेयर म्हणून सुधारणेस वाव.’ खाली कर्मचाऱ्याच्या अभिप्रायासाठी एक चौकट होती. मी लिहिले, ‘या शेऱ्याचे रुब्रिक पाहायला मिळेल का?’

आणि सही केली.