आतोबांची बोटं

माणसानं कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये, याविषयी आमच्या आतोबांइतकी ठाम आणि उलटी मतं असलेला माणूस उभ्या जबलपुरात दुसरा नसेल. महाराजपूरच्या त्यांच्या कॉलनीत कुणाकडे साप निघाला की लोक आधी यांना हाक मारत. हे चहाचा कप खाली ठेवून जात, सापाला काठीवर घेऊन नाल्यापलीकडे सोडत, आणि परत येऊन तोच चहा गार झाला म्हणून माझ्या आत्याशी भांडत. सिविल लाइन्सच्या कुठल्याही साहेबासमोर आवाज चढवायला ते कधी कचरले नाहीत. पण सुई म्हटली की संपलं. रिछाईच्या कारखान्यात एकदा पत्र्यानं पाय कापला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी बोलावणं आलं, तर हे मागच्या कुंपणावरून उडी टाकून त्याच पायानं लंगडत घरी आले. "रक्त का, येते तसं थांबते," एवढंच म्हणाले.

अशा माणसाच्या उजव्या हाताला, ऐन म्हातारपणी, नखांच्या कडेनं चामखिळी उगवल्या. त्यांनी चुना लावला, लसूण चोळली, पपईचा चीक लावला. शेवटी एका टांगेवाल्याकडून घोड्याचा केस मागून आणला आणि अंगठ्याला करकचून बांधला. अंगठा वांग्यासारखा सुजला. चामखीळ होती तिथंच. दुकानातल्या जाळायच्या औषधानं भोवतालची कातडी तेवढी गेली.

एरवी त्यांनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण आत्याला अर्धांगवायू झाल्यापासून तिला दोन्ही वेळा तेच आपल्या हातानं भरवत, वरणभात मऊ कालवून, लहान लहान घास करून. चामखिळी स्पर्शानं पसरतात असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्यांनी चमचा घेतला. आत्यानं तोंड मिटलं. त्यांनी बोटं दाखवून समजावलं, ओरडले, हात जोडले. तिला बोलता येत नव्हतं, आणि कळतं किती हेही कुणाला सांगता येत नव्हतं. ती भिंतीकडे बघत राहिली.

मी गेलो तेव्हा ते ओट्याशी पाठमोरे उभे होते. "तिले वाटून राहिलं, मी रागावलो म्हणून चमचा घेतला," ते म्हणाले. मग न वळताच, "चल, डॉक्टरकडे घेऊन चल मले."

त्वचेच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी बोटं नीट पाहिली. "दादाजी, मस्से पुराने हैं, ऊपर की दवा से नहीं जाएँगे. दवा सुई से मस्से के अंदर डालनी पड़ेगी. उसमें दर्द होता है, इसलिए पहले एक और सुई देकर उँगली सुन्न करेंगे."

आतोबा माझ्याकडे वळले. "का रे, एक सुई दुखू नये म्हणून दुसरी सुई?"

"हो," मी म्हणालो.

मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. डोळे मिटून त्यांनी हात टेबलावर ठेवला, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. बोटाच्या मुळाशी सुई शिरली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला. बोटं बधिर झाल्यावर डॉक्टरबाईंनी चामखिळीत औषध भरलं; आतोबांना ते कळलंही नाही. "हो गया, दादाजी." त्यांनी डोळे उघडले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बेटी, इस हाथ से बीवी को खाना कब खिला सकता हूँ?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पूरा ठीक होने दीजिए. मैं बताऊँगी."

चामखिळी काळ्या पडल्या, वाळल्या, खपल्या होऊन गळाल्या. अंगठ्याची तेवढी चिवट निघाली. तिच्यासाठी ते दुसऱ्यांदा गेले, आणि या वेळी मला न सांगता, एकटे.

डॉक्टरबाईंनी होकार दिला त्या दिवशी मी आतोबांच्या घरी होतो. आतोबांनी साबणानं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. घास पुढे केला. आत्यानं बोटांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि तोंड उघडलं. घास गिळून झाल्यावरही तिनं चांगल्या हातानं धरलेला त्यांचा हात सोडला नाही. आतोबा म्हणाले, "अगं, सोड, भात गार होऊन राहिला." पण हात त्यांनीही काढून घेतला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गेली. आतोबा आता एकटेच जेवतात. जेवायच्या वेळी मी गेलो की पहिला घास माझ्या तोंडासमोर येतो. पन्नाशी उलटलेला मी. पण तोंड उघडतो.