पहिलं बाळंतपण कुणाचं?

आमच्या वकीलबाई, सुमतीताई, पंचाहत्तरीच्या झाल्या हे सत्काराच्या पत्रिकेत वाचलं आणि मी गोंधळलो. त्यांच्या संगतीत मी निम्मा वेळ गोंधळलेलाच असतो. पहिली भेटही तशीच. देवगाव रंगारीहून आलेला, सातवी शिकलेला मी कोर्टाच्या आवारात टाईपरायटर घेऊन बसायचो. ताईंनी एक अर्ज टाईप करून घेतला आणि विचारलं, "वाचून काही कळलं का?"

"नाय," म्हणालो.

"मग उद्यापासून माझ्याकडं या."

न कळणाऱ्याला मुन्शी का नेमलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

गौरव अंकात ताईंच्या विद्वत्तेवर जाणकार लिहितीलच. मी माझ्या चुकीवर लिहितो.

पिशोरकडची एक मुलगी होती. लग्नाचा शब्द देऊन माणूस फिरला, मूल आपलं नाहीच म्हणाला. तपासणीत ते त्याचंच ठरलं, तेव्हा तडजोडीला आला. ताईंनी मसुदा सांगितला: मुलाची पोटगी आणि सिझेरियनचा खर्च. मी टाईप करताना मुलीचे वडील कानाशी लागले. "मुन्शीजी, दवाखान्याचं तेवढं गाळा. पहिलं बाळंतपण माहेरचंच असतं. पोरीच्या बापाला तेवढंबी झेपलं नाय, म्हणतील लोक."

मला पटलं. माझ्या तिन्ही लेकींची पहिली बाळंतपणं मीच केली होती. मी ती ओळ गाळली.

सहीच्या वेळी मुलीनं कागद वाचला आणि खाली ठेवला. "दवाखान्याचं कुठंय?"

"पहिलं माहेरी असतं, बाई," वडील म्हणाले.

"व्हय दादा. पण मला सासरच नाय. त्यानं दवाखान्यात तोंडबी दाखवलं नाय. तेवढं तरी त्याच्या नावावर लिहा."

समोरचे वकील ताईंकडं बघून हसले. "बाई, मसुदा तुमचाच आहे."

"चूक माझ्या दप्तराची," ताई म्हणाल्या. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "कायद्यात याचं सरळ कलम नाही, तेही मला ठाऊक आहे. तुमच्या पक्षकारालाच विचारा. मूल त्याचं, तर जन्माचा खर्च कुणाचा?"

तो खाली मान घालून म्हणाला, "लिहा." मी ती ओळ हातानं लिहिली. मग मुलीनं सही केली.

बाहेर वडील उभे होते. ताई त्यांना म्हणाल्या, "जावळ मामाच्या मांडीवरच काढा बरं. ते माहेरचंच. त्यात कोर्टाचं काही चालत नाही." म्हातारा उपरण्यात तोंड घालून रडला.

वडील चुकले की नाही, मला अजून उमगत नाही. मुलीचं मात्र खरं होतं. ताईंचे गुडघे, डोळे शाबूत राहोत, त्यांना उदंड आयुष्य मिळो. आणि सही करण्याआधी कागद वाचणाऱ्या अशा लेकी त्यांच्या दारी येत राहोत.