ग्रॅममध्ये मोजलेलं मीठ

माझ्या शाळेतल्या बाया मला अजून विचारतात, "मॅडम, त्या पुस्तकातलं घरी काही होतं का हो?" मी सरळ सांगते, काही होत नाही. भावानं पुण्याहून पाठवलेलं ते पुस्तक एका बड्या हॉटेलचं आहे. तिथं ताट परातीएवढं आणि त्यात पदार्थ घासभर. लग्नाच्या वाढदिवसाला तो आणि वहिनी तिथं जेवले, भारावले आणि येताना हे पाट्यासारखं जड पुस्तक घेऊन आले. स्वतःच्या घरी एकदाही न उघडता आमच्याकडं पाथरीला धाडून दिलं, का तर आईला स्वयंपाकाची आवड! आईला इंग्रजी येत नाही, हे त्याला कुणी सांगायचं?

मग ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी शाळेतून आले की चहा व्हायचा, आई लसूण सोलत बसायची आणि मी मराठी करून सांगायचे. एका पदार्थाला कांदा जाळून पार कोळसा करायचा, त्याची राख चाळायची आणि ताटावर भुरभुरायची. आई म्हणाली, "माझी थोरली जाऊ रोजच कांदा करपवायची. तिचं कुणी पुस्तक न्हाई काढलं." दुसऱ्यात टोमॅटो ठेचून फडक्यात टांगायचे, ठिबकलेलं पाणी तेवढं घ्यायचं आणि गर टाकून द्यायचा. "टाकून द्यायचा? अगं माय!" आणि एक होता वरणाचा फेस. त्याला एक नळकांडं लागतं, त्यात गॅस भरायचा, वरण घालून दाबायचं आणि नुसता फेस ताटात सोडायचा. आईनं लसूण खाली ठेवला. "फेस तर आपन पळीनं काढून टाकतो की गं. हे लोक फेस ठिवून वरण फेकायलेत का?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसांत आम्हाला हसायला काहीतरी हवंच होतं. त्याच्या आधी आई तापानं फणफणून आजारी पडली होती. ताप उतरला, पण नाक काही परत आलं नाही. एके दिवशी गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला आणि ही शेजारीच बसून शेंगा फोडायलेली. मी ओरडले तेव्हा वर बघितलं. नाक गेलं तशी चवही गेली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल तर येईल, वाट बघा. आम्ही बघतच होतो.

आईचा सगळा स्वयंपाक नाकावर चालायचा, हे बाहेरच्याला पटत नाही. आमच्या घरात शिजवताना चाखायचं नसतं. आधी देवाला नैवेद्य, मग माणसाच्या तोंडात. आई उकळीचा वास घेऊन सांगायची, मीठ कमी आहे. मी लहानपणी पैज लावायचे आणि हरायचे. त्या हॉटेलच्या पुस्तकात पानापानावर लिहिलंय, चाखा, पुन्हा चाखा, आता परत चाखा. मी हे वाचलं तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "देवाच्या आधी?"

आणि मग एका संध्याकाळी तिनं लसणाकडं बघतच विचारलं, "त्यात मीठ किती टाकायचं ते लिव्हलंय का गं?"

लिहिलेलं होतं. चवीपुरतं, अंदाजानं, चिमूटभर, असला शब्दच नाही त्या पुस्तकात. सगळं ग्रॅममध्ये. शेवटी तर एक तक्ताच होता, की एवढ्या वजनाच्या भाजीला, एवढ्या वजनाच्या रस्स्याला एवढं मीठ. मी वाचून दाखवलं. आईनं दोनदा वाचायला लावलं. इतके दिवस मला वाटत होतं, ती गमतीनं ऐकतेय. ती गमतीनं ऐकत नव्हती.

तिची धास्ती महालक्ष्म्यांची होती. आजी गेल्यापासून आमच्या घरच्या महालक्ष्म्यांचा स्वयंपाक आईच्याच हातचा. पुरणपोळ्या, कटाची आमटी, सोळा भाज्या एकत्र करून केलेली भाजी, आंबील, कढी, वडे, आणि जेवायला घर भरून माणसं. भावानं फोनवर म्हटलं होतं की औंदा आचारी लावू, तू आराम कर. आई म्हणाली, "मी जित्ती असताना?" आणि फोन माझ्या हातात दिला. तिला बाकी कशाचं काही नव्हतं. नाक गेलं, चव गेली, चालेल. पण तो एक दिवस गेला तर आपण ह्या घरात काय म्हणून राहायचं, असं ती मला उघड बोलली.

मी बाजारातून सेलवर चालणारा छोटा काटा आणला. रोज भाजीचं पातेलं जोखायचं, तक्त्यात बघायचं, मीठ वाटीत मोजायचं. आई चष्मा लावून काट्याच्या आकड्याकडं असं बघायची, जसं काही तो आता बोलणार. पहिल्या दिवशीच तिनं मला बजावलं, "खारट झालं तर खारट म्हन. अळणी झालं तर अळणी म्हन. शेजारच्या बायका तोंडावर गोड बोलायल्यात, मला कळतंय ते. तू माझी कीव करू नको."

"माझी जीभ तुला माहितीय," मी म्हणाले. माझ्या तिखट जिभेपायी माझं लग्न मोडलं असं सगळं गाव म्हणतं, तर आईला तिचा काही उपयोग झाला तर बरंच!

आणि खरंच जमलं हो. वरण जमलं, पिठलं जमलं, कढी तर अशी झाली की मी वाटी चाटली. त्या पुस्तकाला मी नळकांडी न् राख सगळं माफ केलं. ज्या कुणी तो तक्ता केला त्याचं भलं होवो, असं मी मनात म्हणाले. आई ताठ चालायला लागली. सणासाठीचं डाळ-गूळ स्वतः निवडून आणलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी पहाटेच आंघोळ करून ती सोवळ्यात उभी राहिली. भाऊ-वहिनी आले होते. वहिनी बिचारी मखराच्या फुलांत गुंतलेली. मी आईच्या हाताखाली. आमटीचं पातेलं दोघींनी मिळून काट्यावर ठेवलं, तर तो छोटा काटा तेवढं वजन घेईना. मग तांब्यातांब्यानं मोजलं. मी मीठ जोखून आमटीत टाकलं आणि पुरण बघायला वळले. परत बघते तर आईचा हात मिठाच्या बरणीवर झाकण लावत होता.

"आई, तू परत टाकलंस का मीठ?"

"न्हाई की. तूच टाकलंस ना आत्ता."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर आमटीला उकळी आली की तिचा हात आपोआप बरणीत जायचा. त्या दिवशीही तो गेला असेल किंवा नसेलही. थेंबभर तळहातावर घेऊन चाखलं असतं तर कळलं असतं. मी काही मोठी देवभोळी नाही. पण ती पदर खोचून समोर उभी होती, आत महालक्ष्म्या जेवायच्या होत्या, आणि माझा हात पळीकडं गेलाच नाही. माझ्या जागी आमच्या घरातली कुणीही बाई असती तरी हेच झालं असतं.

पंगत बसली. प्रसादाला नावं ठेवायची नसतात, आणि महालक्ष्म्यांच्या तर मुळीच नाहीत. सगळे मूग गिळून जेवले. कुणी म्हणालं, झकास. कुणी पुरणपोळीचं कौतुक केलं. आई आमटीचं भांडं घेऊन ओळीनं फिरत होती, "वाढू का? घ्या की थोडी," आणि माणसं वाटीवर हात आडवा धरत होती. आमच्या घरी आमटीला आजवर कुणी आडवा हात धरला नव्हता. भावानं पाण्याचा तांब्या परत भरून मागितला. मग दुसऱ्या ओळीनंही मागितला. आई मधेच थांबली, रिकाम्या तांब्यांकडं बघितलं आणि पुन्हा वाढायला लागली.

सगळे उठल्यावर आम्ही तिघी बसलो. मी आमटीचा घोट घेतला. जीभ पोळावी तसं झालं. आईनं तिची वाटी सावकाश संपवली, सगळीच्या सगळी, आणि विचारलं, "सांग."

"छान झालीय आई," वहिनी म्हणाली.

आईनं तिच्याकडं बघितलंही नाही. "तू सांग."

त्या वेळी मला माझ्या जिभेचा पहिल्यांदा राग आला. पण तिनं मागितलेलं ते एवढंच होतं. "खारट झालीय, आई. लय."

"तरीच पानी लय लागायलं लोकांना." ती थोडा वेळ बोटांनी ताटातला भात गोळा करत बसली. मग म्हणाली, "नाक गेलं तवा वाटलं, हात तर हाय. आता हात बी माझा न्हाई राहिला गं."

ती रडली नाही. मीच रडले, भरल्या ताटावर, सणाच्या दिवशी. ती मला रागावलीही नाही.

त्यानंतर ती स्वयंपाकाला उभी राहिली नाही. मी लय सांगितलं, आपण परत मोजू, मी बरणी वर उचलून ठेवते. तिनं नुसती मान हलवली. आता मी करते, सकाळी शाळेच्या आधी, घाईघाईनं, आणि ती मी वाढलेलं निमूट खाते. मी विचारलं की म्हणते, छान झालंय. रोज. मेथीला छान, करपलेल्या पिठल्यालाही छान.

परवा घाईत मी वरणात मीठ टाकायचंच विसरले. ती अर्धं जेवली तेव्हा मी पहिला घास घेतला.

"आई, वरण कसं झालंय?"

"छान झालंय."

"मीठ?"

"बराबर हाय की."

मी उठले, चिमूटभर मीठ आणलं आणि तिच्या ताटातल्या वरणात टाकून कालवलं.

"काय टाकलंस गं?"

"तूप," मी म्हणाले.

"तरीच," आई म्हणाली. "तरीच मस्त वास यायलाय."