भिंतीपलीकडं गेलेली तार

१९९६ साल. मी सेहेचाळीस वर्षांचा. नांदेडात एका सरकारी कचेरीत शिपाई होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. परीक्षेच्या आधीच बापानं म्हशींमागं धाडलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकिगत ऐकली की लोक विचारतात, "तुम्ही शिकले किती?" शिकलो तेवढंच. बाकी डोकं माझं.

कचेरी निजामाच्या काळातली. भिंती दगड-चुन्याच्या, दोन हात जाड. अलीकडच्या खोलीत तीन कॉम्प्युटर, पलीकडच्या खोलीत दोन अन् प्रिंटर. दोन्ही खोल्यांच्या मधून दार नाही. अलीकडं टाइप केलेलं पत्र पलीकडं छापायचं तर ते फ्लॉपीवर घ्यायचं आणि मी ती फ्लॉपी घेऊन व्हरांड्यातून फेरा मारायचा. ऊन लागू नये म्हणून सदऱ्याच्या आत धरून न्यायचो. दिवसाला किती फेरे, कधी मोजले नाहीत.

मग हैदराबादहून इंजिनियर आला. पोरसवदा, पण हुशार. म्हणाला, पाचही कॉम्प्युटर एकाच तारेला जोडायचे. इथं लिहिलेलं तिथं उघडेल, आणि प्रिंटर सगळ्यांचा एक. हेडक्लार्कला भलताच आनंद झाला.

"मामा, संपलं तुमचं काम. आता तार पळंल, तुम्ही बसा अर्धापुरात केळी सोलत."

माझा मेहुणा अर्धापूरचा, केळीवाला. सुट्टीत मी त्याच्या मळ्यात राबायचो, त्यावरून हा टोमणा. मी म्हणालो, "तार पळंल, पण भिंतीतून तिला वाट कोण देणार? तुमचा पेन?"

आणि झालं तसंच. ठेकेदाराच्या माणसाचं ड्रिल त्या भिंतीत अडकून बसलं. तो हात जोडून निघून गेला. मी छन्नी-हातोडा घेतला अन् दोन दिवसांत आरपार भोक पाडलं. नुसतं भोक पाडून सोडून देणाऱ्यातला मी नाही. आत लोखंडी नळीचा तुकडा बसवला, तिच्या दोन्ही तोंडांची धार कानशीनं घासून बोटासारखी गुळगुळीत केली, तेव्हा कुठं तार जाऊ दिली. पहिलं पत्र अलीकडं टाइप झालं आणि पलीकडं प्रिंटर करकरला, तेव्हा मी व्हरांड्यात रिकाम्या हातानं उभा होतो. काम गेल्याचं दुःख? छे! छाती फुगली होती. ते पत्र माझ्या वाटेनं गेलं होतं.

पुढं खंडेनवमी आली. कचेरीतल्या हत्यारांची पूजा दरवर्षी मीच करायचो. टाइपरायटर, शिक्के, पंचिंग मशीन, कुलुपं, आणि आता कॉम्प्युटर. सगळ्यांना हळदी-कुंकू, झेंडूची फुलं. दसऱ्याची सुट्टी झाली, कचेरी उघडली, कॉम्प्युटर पाचही चालू झाले. पण एकाचं दुसऱ्याला काही कळेना. तार मुकी.

इंजिनियरला बोलावलं. तो हैदराबादहून मुदखेडमार्गे सकाळच्या गाडीनं आला अन् आल्या आल्या कामाला लागला. एकेक जोड काढला, पुसला, लावला. तारेच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढं धातूचं टोपण असायचं, ते जागेवर आहे एवढं बघितलं अन् पुढं गेला. कॉम्प्युटरची पाठ खोलून तार जोडायची आतली पट्टी बदलली. दुपार झाली. शेवटी त्याची नजर माझ्या नळीवर गेली.

"चाचा, ये पाइप में वायर कट गया. नया वायर बाहर से डालना पडेगा."

"कट न्हाई झाला," मी म्हणालो.

"आपकू कैसा मालूम?"

"नळी मी घासलेली हाय."

साहेब तेवढ्यात बाहेर आले. पुण्याकडचे, कागदावर भरवसा असणारे. त्यांनी टायपिस्ट बाईंना सांगून लगेच कॉम्प्युटरवर खुलासा टाइप करून, फ्लॉपीवरून पलीकडं छापून घेतला: भिंतीतील नळी चुकीची बसवल्यामुळे तार निकामी झाली, याची जबाबदारी माझी. माझ्यापुढं कागद अन् पेन ठेवलं.

"सही करा."

"न्हाई करत."

"अहो, मेमोवरच भागतंय. नाही केलीत तर बदलीचं बघावं लागेल."

"बदली करा. भोक बरोबर हाय."

टायपिस्ट बाई हळूच म्हणाल्या, "मामा, करून टाका ना. एका सहीनं काय होतंय?"

काय होतंय ते त्यांना काय सांगू? सही केली असती तर ती तार बाहेरून गेली असती, आणि माझ्या भिंतीतली वाट बुजवली असती. येणारा-जाणारा म्हणाला असता, मामानं वाट लावली. बदली परवडली, हे नाही.

"संध्याकाळपर्यंत थांबा," मी साहेबांना म्हणालो. "तोवर सापडलं न्हाई तर जिथं धाडाल तिथं जातो."

हेडक्लार्क हसले. "आता हे कॉम्प्युटर दुरुस्त करून राहिले बघा!"

मी स्टुलावर बसलो आणि तारेकडं बघत राहिलो. वाटलं, ही तर मेहुण्याच्या ठिबकाची नळी. काळी, एका ओळीत गेलेली, जागोजागी फाटे फुटलेले, आणि शेवटाला टोपण. केळीला पाणी कमी पडलं की नवशिका नळी चाचपत सुटतो, कुठं फुटली म्हणून. जुना माणूस आधी शेवटाला जातो अन् टोपण उघडून बघतो, कारण घाण तिथं साचते.

अलीकडच्या खोलीत कपाटामागं तारेचं टोक होतं. आडवा झालो, हात घातला, टोपण फिरवून काढलं. खिडकीपाशी नेलं. आत बारीक सुई असते, तिच्याभोवती लाल-पिवळा गोळा घट्ट थिजलेला.

कुंकू. आणि हळद. तेलात कालवलेली.

तेव्हा ध्यानात आलं. खंडेनवमीला कपाटामागं ताट पोचेना. एक हत्यार पूजेवाचून ठेवायचं कसं? म्हणून मीच दोन्ही टोकांची टोपणं काढून ताटात ठेवली होती, आतून-बाहेरून हळदी-कुंकू लावलं होतं, नमस्कार केला होता आणि जिथल्या तिथं परत बसवली होती.

ते टोपण गुपचूप पुसून बसवलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण मग भोकाचं खरं कसं ठरणार? मी ते तसंच तळहातावर घेतलं आणि सगळ्यांसमोर इंजिनियरपुढं धरलं.

"हे बघा. भोक बरोबर. कुंकू माझं."

तो बघतच राहिला. मग असा हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अरे चाचा! पूजा भी किए तो अंदर तक किए! एक ढक्कन बिगडा तो पूरी लाइन बंद!"

काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून त्यानं एक टोपण साफ केलं, दुसरं मी केलं. दोन्ही बसवली. टायपिस्ट बाईंनी तोच खुलासा छापायला सोडला, हाताशी दुसरं काही नव्हतं. भिंतीपलीकडं प्रिंटर करकरला. लई गोड आवाज! हेडक्लार्क व्हरांड्यातून पळत गेले अन् कागद फडकवत आले.

"आला हो मामा, तुमचा मेमो आला!"

साहेबांनी तो कागद घेतला, फाडला. तरी म्हणाले, "पण चूक तुमचीच निघाली ना?"

"निघाली. लिहून देतो. पण कुंकवाचं लिहीन, नळीचं न्हाई."

साहेबांना हसू आवरलं नाही. इंजिनियर मात्र माझ्याकडं वळून म्हणाला की अशी तार जोडायचं काम तुम्हीच शिका, मला हैदराबादहून दर वेळी यायला नको. त्या संध्याकाळी त्यानं मला तार सोलायला, तिच्या तोंडावर पिन बसवायला अन् पक्कडीनं दाबायला शिकवलं. पहिल्या तीन पिना वाया गेल्या. चौथी बसली ती अशी की त्यानं ओढून बघितली, निघाली नाही. जाताना ती पक्कड त्यानं माझ्या हवाली केली. सहावा कॉम्प्युटर साहेबांच्या खोलीत द्यायचा होता, त्याची तार मी टाकीन असं मीच बोलून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी कचेरी उघडली, तार मापून तोडली, दोन्ही तोंडांना पिना बसवल्या. साहेब आले, खुर्चीत बसले, तोवर मी त्यांच्या टेबलाखाली होतो. खालूनच म्हणालो, "साहेब, जरा पाय उचला." साहेबांनी पाय उचलले, आणि मी तार पुढं सरकवली.