वॉर्ड नकोत म्हणणारा मी

लॉरेटाचा अपमान भर सभेत झाला आणि तो माझ्या तोंडून झाला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मी टाय बांधून गेलो होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ओहायोतलं लहान गाव, मधून रेल्वेलाईन. मी तिथल्या काचेच्या कारखान्यात इंजिनिअर. रुळांच्या अलीकडे गोरे, आणि त्यांच्यात आमचं एक घर. पलीकडे काळे. सांडपाण्याची पाईपलाईन रुळांपर्यंत येऊन थांबलेली. मोठा पाऊस झाला की पलीकडच्या अंगणात घाण वर यायची.

टाउन कौन्सिलला वॉर्ड नव्हते. प्रत्येक जागेसाठी सगळं गाव मत द्यायचं. लॉरेटा शाळेत शिकवायची, राहायची पलीकडे. दर निवडणुकीला उभी राहायची. पलीकडचे झाडून सगळे तिला मत द्यायचे आणि ती पडायची. आमच्या बाजूला माणसं जास्त, आणि आमच्या बाजूचं मत रूळ ओलांडत नसे. एवढं साधं. म्हणून तिने मागणी केली: गावाचे वॉर्ड पाडा, त्यातला एक आमचा असू द्या. हा प्रश्न मतदानाला ठेवायचा की नाही, ते कौन्सिल ठरवणार होतं.

सभेच्या आधी शेजारचा वॉल्टर कुंपणापाशी आला. तो कौन्सिलचा अध्यक्ष. म्हणाला, "तू बोल ना सभेत. तुझं लोकांना पटेल." मी फुशारलो. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

बोलण्याआधी नाव आणि रस्ता सांगायचा, ही तिथली पद्धत. रस्त्यावरून माणूस कुठला ते कळतं. मला हे नवं नव्हतं. आपल्याकडे आधी आडनाव विचारतात, त्यावरून उलगडा झाला नाही तर, "गावात घर कुठे तुमचं?" त्या प्रश्नाला भिऊन मी कॉलेजात असतानाच आडनाव बदललं होतं. गावाच्या नावाला 'कर' जोडला. ओहायोतल्याच डब्लिन शहरात आमचे मराठी मित्र होते, त्यांच्यात त्यावरच निभावत होतं.

लॉरेटाने रस्ता सांगितला. वॉल्टरने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ती पाईपलाईनच्या मुद्द्यावर येते न येते तोच त्याने हातोडा आपटला. "टाइम, मॅडम."

मग मी. मी रस्ता सांगितला. घड्याळाकडे कोणी बघितलं नाही. मी म्हणालो, "मीही बाहेरचा आहे. मीही गोरा नाही. या गावाने मला कधी वेगळं वागवलं नाही. मेहनत करणाऱ्याला वॉर्ड लागत नाही."

टाळ्या. लॉरेटा माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. ओळख पटल्यासारखी.

मागणी फेटाळली गेली.

पार्किंग लॉटमध्ये वॉल्टरने माझ्या खांद्यावर हात टाकला. इतर मेंबर सिगारेट ओढत उभे होते. त्यांना म्हणाला, "एक जागा रिकामी होतेय. ह्यालाच नेमू. हा दिसतो त्यांच्यासारखा आणि मत देतो आपल्यासारखं." सगळे हसले. "शिवाय शांत आहे. यू आर अवर बॉय!"

मीही हसलो. हे लिहायलाच हवं.

माझे वडील आमच्या ग्रामपंचायतीत राखीव जागेवर मेंबर होते. बाकीचे खुर्चीवर, वडील पायरीवर. वस्तीत नळ नको, या ठरावाला त्यांनी हात वर केला होता. पाटील सांगत फिरायचे, "आपला माणूस आहे. गरीब आहे." कॉलेजातून सुट्टीला आलो तेव्हा मी त्यांना तोंडावर लाचार म्हणालो. पायरीवर बसवलेल्या माणसाला. मला तर कोणी पायरीवर बसवलं नव्हतं.

बायको गाडीत बसली होती, काच खाली करून. तिने सगळं ऐकलं होतं.

"अहो, ते काय म्हणाले, कळलं ना तुम्हाला?"

"थट्टा करत होते गं."

"मामंजींनी हात वर केला असेल. पण हसले नव्हते ते."

 

दुसऱ्या दिवशी वॉल्टरला म्हणालो, "मला जागा नको."

"विचार कर. तुम्हा लोकांना असा चान्स परत मिळत नाही."

"नको."

त्यानंतर तो कुंपणापाशी आला नाही. जागेवर त्याचा मेव्हणा बसला.

मी लॉरेटाकडे गेलो. तिने जाळीचं दार उघडलं नाही. मी सॉरी म्हणालो.

"बोललात सगळ्या गावासमोर," ती म्हणाली, "आणि सॉरी माझ्या पोर्चवर?"

तिने आतलं दारही लावून घेतलं.

तरी मी पुढच्या सभेला गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कारखाना, शेजार, मुलं, कारणं पुष्कळ होती. पाऊस झाला, पलीकडे घाण वर आली. निवडणूक झाली. मी लॉरेटाला मत दिलं. ती पडली. माझ्या त्या एका मताने काय होणार होतं? माझ्या एका भाषणाने जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

निवडणुकीनंतरच्या सभेत मात्र उठलो. लॉरेटा समोरच बसली होती. वॉल्टर म्हणाला, "हा विषय आज अजेंड्यावर नाही." हातोडा आपटला. मी बोलत राहिलो.

"मी राहतो अलीकडे, पण जन्मलो पलीकडे. माझ्या देशात माझ्या माणसांना जे भोगावं लागलं, तेच या गावात चाललंय. मला ते दिसत होतं. तरी तुमच्या टाळ्यांसाठी मी इथे खोटं बोललो. आता वॉर्ड मिळेपर्यंत दर सभेला येऊन हेच बोलणार आहे. लॉरेटा, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा."