कमिटी बघून जाईपर्यंत

विशाखाला राग आला की आधी कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. नवरा संघपाल त्या पाळ्या बघितल्या की गुपचूप दुसऱ्या खोलीत जायचा. लातूरच्या भूजल कार्यालयात ती अधिकारी होती, तिथल्या ठेकेदारांनाही हे माहीत होतं. कोरड्या बोअरला पाणी लागलंय असं कागदावर दाखवायला आलेला माणूस तिच्या कानांकडं बघूनच माघारी फिरायचा.

अर्धापूरजवळच्या खेड्यातली ही पोरगी. वडील निवृत्ती लोकांच्या मळ्यात केळीचे घड वाहायचे, आणि मुलगी कॉलेजात जाते म्हणून तिला रोज एसटीपर्यंत सोडायला यायचे. कॉलेज चांगलं होतं, फक्त मुलींच्या संडासाला बारा महिने कुलूप. किल्ली ऑफिसात, क्लार्क मंडळींच्या डोक्यावरच्या खिळ्याला. भरल्या ऑफिसात बाप्यांपुढं उभं राहून ती मागणार कोण? मुलींनी त्यावर आपला उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही.

शेवटच्या वर्षी विशाखाला मुतखडा झाला. परीक्षेत पेपर अर्धा टाकून ती दवाखान्यात गेली, वर्ष वाया गेलं. बरी झाल्यावर तिनं कुलूप काढण्यासाठी अर्ज लिहिला. सगळ्या प्राध्यापकांनी तो वाचला, हळहळ व्यक्त केली आणि परत दिला. सही केली एकट्या शेटकार सरांनी. भूगर्भशास्त्र शिकवायचे, तरुण होते, नोकरी अजून कायम व्हायची होती, तरी केली. अर्जाचं पुढं काहीच झालं नाही. पण त्या एका सहीच्या बळावर आपण विद्यापीठात जाऊन एम.एस्सी. झालो, असं विशाखा आजही सांगायची.

तेच शेटकार सर आता प्राचार्य झाले होते. त्यांचा फोन आला.

"विशाखा, मूल्यांकनाची कमिटी येऊन राहिली. माजी विद्यार्थ्यांना भेटणार हाय. तुझ्याएवढी मोठी झालेली पोरगी आमच्याकडं दुसरी न्हाई बघ."

सरांनी बोलावलं म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. रजा टाकून, चांगली साडी नेसून ती गेली.

फाटकापासून रांगोळ्या होत्या. काठापदराच्या साड्या नेसलेल्या मुली उन्हात तबकं धरून उभ्या होत्या. माजी विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवून, कमिटीनं विचारलं तर काय बोलायचं ते एक प्राध्यापक शिकवत होते. कॉलेजनं आम्हाला संस्कार दिले, एवढं प्रत्येकानं म्हणायचंच. पिकल्या केसांचे वकील आणि इंजिनिअर माना डोलावत होते. विशाखा उठून बाहेर आली. तबक धरलेल्या एका मुलीला तिनं संडास कुठं आहे ते विचारलं. मुलगी हिमायतनगरकडची, नाव शिल्पा. ती तिला मागच्या बाजूला घेऊन गेली.

दार सताड उघडं होतं. नव्या फरश्या, आरसा, कोपऱ्यात फुलांची कुंडीसुद्धा. विशाखाचा जीव हरखला. सरांनी त्या सहीचा मान राखला म्हणायचा.

"लई चांगलं झालं की गं."

"हाव मॅडम. पण आम्ही जायचं न्हाई."

"का?"

"कमिटी बघून जाईपर्यंत वापरू नका म्हणले. घाण व्हतंय."

"आणि कमिटी गेल्यावर?"

"मग कुलूप. किल्ली ऑफिसात ऱ्हाती."

शिल्पाचे ओठ सुकून पांढरे पडले होते. सकाळपासून पाणी प्यायलीस का, असं विशाखानं विचारलं, तेव्हा ती नुसती हसली. विशाखाच्या पाळ्या तापल्या त्या तिथं.

हॉलमध्ये कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, या महाविद्यालयानं तुम्हाला काय दिलं? वकील म्हणाले, संस्कार. इंजिनिअर म्हणाले, संस्कार.

"मुतखडा," विशाखा म्हणाली.

आणि मग तिनं सगळं सांगितलं. शेटकार सरांच्या चेहऱ्यावरचं हसू शेवटपर्यंत हललं नाही. "जुनी गोष्ट आहे ती," ते अध्यक्षांना म्हणाले. "आता नवीन प्रसाधनगृह झालंय. समितीनं अवश्य बघावं."

"बघू की. पण आधी पोरी जातील."

कुणी काही बोलायच्या आत ती बाहेर पडली आणि तिनं मुलींना हाक मारली. तबकं पायरीवर ठेवून मुली आल्या, रांग लागली. मागं कमिटी, कमिटीच्या मागं प्राध्यापक. शिल्पा पहिली आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"मॅडम, नळाला पाणी न्हाई."

विशाखानं स्वतः तोटी फिरवली. मग भिंतीच्या मागं जाऊन बघितलं. भिंतीबाहेर आलेलं पाइपाचं तोंड उघडं पडलं होतं, कुठंच जोडलेलं नव्हतं. जन्मभर जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या बाईला त्यांनी हे दाखवायला बोलावलं होतं. संताप तिच्या डोळ्यांत उतरला. बाकीच्यांचं तिला काही वाटलं नसतं, पण शेटकार सरांनी? यांना तर सगळं माहीत होतं.

कुंड्यांना पाणी घालायची बादली तिथंच पडलेली होती. ती तिनं उचलली आणि सगळ्यांदेखत शेटकार सरांपुढं धरली.

"सर, समोरच्या हौदावरून पाणी आणा."

सरांनी बादलीकडं बघितलं, कमिटीकडं बघितलं. मग मान वळवून विचारलं, "अरे, शिपाई कुठं गेला?"

"शिपाई नको, सर. माझ्या अर्जावर सही शिपायानं केली नव्हती."

सर जागचे हलले नाहीत. मागं मुलींची रांग ताटकळत होती. बादली धरलेला हात विशाखानं खाली घेतला नाही.