कोणाला न सांगता नागपूरला

नागपूरला जायचा दिवस मी उलटा मोजते. दिवस मावळताना घरी पोचायचं, म्हणजे दीडची परतीची गाडी. म्हणजे एक वाजता दवाखान्याबाहेर. म्हणजे साडेदहाच्या आत नंबर लावायचा. म्हणजे चामोर्शीहून पहाटे पाचची एसटी. यातलं एक जरी बिनसलं तर जंगलातला रस्ता अंधारात लागतो, आणि तिथं गाडी बंद पडली तर खाली उतरायची सोय नाही. वाघ काही टाइमटेबल बघून रस्ता ओलांडत नाही.

वर्षभर दर महिन्याला मी बाबांना घेऊन असं गेले. बाबा वनरक्षक होते, सारी नोकरी जंगलात पायी फिरून केली. डावा डोळा आम्ही दुर्लक्षात घालवला होता. उजव्याच्या पडद्याला सूज होती आणि त्यात महिन्याला एक इंजेक्शन. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तारीख चुकवू नका. एकदा गेलेली नजर परत येत नाही." हे वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की शाळेत मुलांना पाढे सांगतानासुद्धा मी मनात गाड्यांच्या वेळा म्हणत असे.

पण आमच्याकडे नागपूरला जाणारा माणूस एकट्याच्या कामाला जात नाही, सगळ्या गल्लीच्या कामाला जातो. एकीला कुकरची रिंग, दुसरीला साडीच्या रंगाचं अस्तर, कोणाचा मिक्सर दुरुस्तीला. नाही म्हणायची रीत नाही. दुसऱ्या खेपेला अस्तराचा रंग जुळवत मी इतवारीच्या बाजारात तीन दुकानं फिरले. बाबांना एका चहाच्या टपरीवर बसवलं होतं. परत आले तर ते रस्त्याच्या मधोमध दुभाजकावर उभे, दोन्ही बाजूंनी गाड्या, आणि हात असा पुढे धरलेला. मला शोधायला निघाले होते. मी धावत जाऊन तो हात धरला. दवाखान्यात नंबर जेमतेम मिळाला.

त्या दिवसापासून मी ठरवलं, कोणाला सांगायचंच नाही. गल्लीचा ग्रुप म्यूट केला. शेजाऱ्यांनी विचारलं तर "ट्रेनिंग हाये शाळेचं" म्हणायचं. पहाटे मागच्या वाटेनं स्टँडवर.

बाबांना हे पटलं नाही. "जंगलात जाताना मानूस सांगून जाते, माय," ते म्हणाले. "कोनत्या वाटेनं चाललो, कवा येतो. नाई आला त लोकं पाहाले निघते."

"नागपूर म्हंजे जंगल नोहे, बाबा."

"मंग काय होय?" एवढंच ते म्हणाले. त्यांना माझा स्वभाव माहीत आहे. एकदा माझ्या नाकावर राग चढला की ब्रह्मदेव आला तरी उतरत नाही.

नऊ खेपा अशा चोरून झाल्या, आणि मी स्वतःवर खूश होते. अशा दहाव्या खेपेला ऑगस्ट होता. पहाटे स्टँडवर गेलो तर चिटपाखरू नाही. पाच वाजले, साडेपाच, सहा. गाडी लागेना. मी दर दोन मिनिटांनी मोबाईल बघत होते आणि बाबा बाकावर शांत बसले होते. उजाडल्यावर आमच्या गल्लीतले कंडक्टर भाऊ सायकलवरून आले आणि आम्हाला बघून थांबलेच.

"बाई, काऊन बसल्या इथी? गाड्या त काल सांजपासून बंद हायेत. नाल्यावरून पूर चालला."

"आज बाबांच्या डोयाची तारीख हाये," मी म्हटलं.

"मंग सांगाचं नाई का! काल चार वाजता माह्या साळ्याची जीप मूल गावाच्या वाटेनं नागपूरले गेली. दोन सीटा खाली होत्या. ग्रुपवर बी टाकलं होतं म्या."

"आता जाता येन का तिकडून?"

"आता तेही वाट बंद झाली ना, बाई."

बाबांनी सगळं ऐकलं. पिशवी उचलून ते बाकावरून उठले. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार दिवस रस्ता बंद राहिला. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, रस्ता उघडला की लगेच या. मी तासातासाला बाबांना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं करायची. "सांगा, किती तारीख?" शेवटी ते वैतागले. "मास्तरीन होऊन तारीख मले इचारून राह्यली?" मी हसले, पण तासाभरानं पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी जेवताना ते सहज म्हणाले, "दाराची चौकट वाकडी दिसून राह्यली." मी उठून चौकट पाहिली, ती सरळच होती.

पाचव्या दिवशी पोचलो. गेल्या महिन्यात तक्त्यावरची पाचवी ओळ वाचणारा माणूस दुसऱ्या ओळीवर अडकला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. सूज उतरेल म्हणाले, पण मधोमध डाग पडलाय, तो राहील. "उशीर का झाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पूर होता." खोटं नव्हतं ते. तरी मला माझीच लाज वाटली, अजून वाटते.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसत. त्या दिवशी त्यांनी मला खिडकीशी बसवलं. आरमोरी मागं पडली, जंगल लागलं. मी सवयीनं मोबाईलमध्ये वेळ बघत होते.

"धावड्याचे झाडं हायेत का अजून, का तोडले?" त्यांनी विचारलं.

मी बाहेर पाहिलं. वनरक्षकाची मुलगी मी, पण इतक्या खेपांत या रस्त्यावरचं एक झाड धड पाहिलं नव्हतं. नुसतं हिरवं पळत होतं.

"हायेत ना," मी म्हटलं.

"किती?"

"लई हायेत."

ते म्हणाले, "इथी धावडा कवाच नव्हता, माय. खोटं नोको सांगू. मले आता तुह्याच डोयानं पाहाचं हाये."

मी मोबाईल पिशवीत टाकला. "एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालली," मी म्हटलं. "संगं कुत्रं हाये."

"मंग?" ते म्हणाले.